होरेस गॅरडची चार मिनिटं चाळीस सेकंद

ब्रॅकनमच्या हवाई तळावर एकवीस वर्षं न्हावीकाम केलेल्या होरेस गॅरडला व्यसन म्हणाल तर एकच होतं, आणि ते म्हणजे चौकशा. दारूचं नाही, घोड्यांचं नाही. मोच्याच्या खोलीला लागून त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं फडकं आवळलं, की ते पळून जाऊ शकत नाही, हे होरेसला पक्कं ठाऊक होतं. मग सुरू. "सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो? बॉम्बरच्या चाकात हवा भरतात ती साधीच ना, की वेगळी? तुमच्याकडे वाटाणा मार्चमध्ये पेरतात की आधी?" उत्तर आलं की त्याच्याच शेपटीला पुढचा प्रश्न. तळाचे प्रमुख एकदा वैतागून म्हणाले होते, "हा गॅरड शत्रूचा हेर असता ना, तर आपण केव्हाच हरलो असतो. नशीब, त्याला सासूबाईंच्या गुडघ्यातच जास्त रस आहे!"

तळावर हौशी लोकांचा छोट्या, हाताने बनवलेल्या विमानांचा क्लब होता. त्यात तो गेला तोही अशाच एका चौकशीपायी. त्रेपन्न सालची गोष्ट. सार्जंट प्रॉसर नावाचा एक वेल्श गडी केस कापायला आला, तर त्याच्या कानामागे केसांचा पुंजका कडक होऊन चिकटलेला.

"हे काय माखून आलायस लेका?"

"रोगण आहे. विमानाच्या कागदाला लावायचं."

"कागदाचं विमान? आणि ते उडतं?"

"रविवारी धावपट्टीवर ये आणि बघ. फक्त एक अट. तोंड बंद ठेवायचं."

होरेस रविवारी गेला. अट अर्थातच पाळली गेली नाही.

आठवडाभर ज्या धावपट्टीवर बॉम्बर कानठळ्या बसवत, ती रविवारी मोकळी असायची. दहा-बारा माणसं जुने स्वेटर घालून जमायची. त्यांत आचारी होता, इंजिनांचे फिटर होते, दोन वैमानिक होते. हुद्दा गोदामाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टोपीबरोबर खुंटीला टांगायचा आणि मगच बाहेर यायचं, असा क्लबाचा नेम होता. ग्लायडरला पन्नास मीटर दोरी लावायची, पतंग चढवावा तसं वाऱ्यावर पळत ते वर न्यायचं आणि डोक्यावर आलं की दोरी सुटू द्यायची. पुढे ते विमान आणि त्याचं नशीब. इंजिन नाही, तार नाही, आत माणूस नाही. होरेस आ वासून बघत राहिला. खाली यायचं सोडून ते वर कसं चाललंय?

"सिमेंट तापतं, वरची हवा तापते, तिचा लोट वर जातो. त्यात सापडलं की झालं," प्रॉसर म्हणाला.

"मग परत येतं कसं?"

"शेपटीला वात लावतो आम्ही. ती जळत जळत रबरापर्यंत आली की रबर तुटतं, शेपूट टणकन वर उसळतं आणि विमान खाली बसतं. वात पेटवायला विसरलास तर विमान जर्मनीला."

"विसरतं का कुणी?"

"सगळेच विसरतात. आता गप्प बस जरा!"

गप्प बसवायचा उपाय शेवटी प्रॉसरनेच शोधून काढला. त्याने होरेसच्या हातात सेकंदाचं घड्याळ दिलं. आणि काय सांगू, माणूस त्या कामासाठीच जन्मला होता! वेळ घेणाऱ्याला नजर ढळू देता येत नाही, त्यामुळे तोंड आपोआप बंद. त्यात होरेसची लांबची नजर म्हणजे देणगीच. चंडोल गात गात वर जाऊन आपल्याला दिसेनासा झाला तरी हा बोट दाखवायचा, "तो काय, ढगाच्या डाव्या कडेला." क्लबाचे नियम कडक होते. दुर्बीण चालणार नाही. नाकावरचा चष्मा चालेल, पण बघायचं आपल्या डोळ्यांनी. विमान दहा सेकंद दिसेनासं झालं की उड्डाण संपलं, मग ते खरं तर कितीही वेळ वर राहो. आणि वेळ घेणारा जो आकडा बोलेल तो वहीत जाणार. त्यावर ना क्लब चालवणारा प्रॉसर बोलणार, ना तळाचे प्रमुख.

म्हणजे बघा, विमान जेवढं वेळ घेणाऱ्याला दिसलं, तेवढंच उडालं. म्हणून जो तो म्हणायचा, माझी वेळ होरेसला घेऊ दे. आठवडाभर ज्याच्यासमोर लोक मान खाली घालून बसत आणि उठून जात, त्या न्हाव्याला रविवारी वैमानिक साहेबसुद्धा विचारायचे, "गॅरड, आज वेळ आहे ना तुम्हाला?" या वाक्यावर होरेस आठवडा काढायचा.

आठ वर्षं अशी गेली आणि एकसष्ट सालच्या हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले. दुकानात काही अडलं नाही. केस तो बोटांच्या अंदाजानेच कापायचा. पण दिवे पसरल्यासारखे दिसायला लागले, आभाळ दुधाळ झालं. त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ग्लायडर लांब गेलं की तो बाकीच्यांच्या माना कुठे वळल्यात ते बघायचा आणि त्या बाजूला डोळे ताणून ठिपका शोधायचा. सापडायचा बहुतेक. तीन मिनिटांचंच उड्डाण असायचं, भागून जायचं. चुकतंय हे त्याला कळत होतं. दर शनिवारी तो ठरवायचा की उद्या प्रॉसरला सांगून टाकू, आणि दर रविवारी घड्याळ हातात आलं की गप्प बसायचा.

मे महिन्यात तळाचा संघ निवडायचा होता. हवाई दलाच्या सगळ्या तळांचा सामना जूनमध्ये, आणि आपल्या संघात तिघं जाणार. दोघं ठरले. तिसऱ्या जागेसाठी दोघं बरोबरीत आले. एक फ्लाइट लेफ्टनंट कार्लायन. वैमानिक, हसरा माणूस, हरला तरी दुसऱ्याची पाठ थोपटणारा. दुसरा कॉर्पोरल ऑल्विन टीझडेल, इंजिनांचा फिटर, वय एकतीस. टीझडेल चार वर्षं दर खेपेला अर्ध्या-एका मिनिटाने मागे पडत होता. या हिवाळ्यात त्याने बराकीत पलंगावर बसून दीड मीटर पंखाचं ग्लायडर केलं होतं, कागद इतका ताणून बसवलेला की बोट मारलं तर ताशासारखा वाजावा. आणि सामना झाला की आठवड्याने त्याची बदली सिंगापूरला, तीन वर्षांसाठी. तिथे समुद्र आणि झाडी, ग्लायडर सोडायचं कुठे? म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच.

बरोबरी सोडवायची पद्धत साधी. दोघांनी एकाच वेळी सोडायचं, वेळेला मर्यादा नाही, ज्याचं जास्त वेळ राहील तो संघात. कार्लायनची वेळ प्रॉसरने घ्यायची.

"माझी होरेस घेतील," टीझडेल म्हणाला. "होरेस, दहा मिनिटांची वात लावलीय मी. तुमच्या डोळ्यांवर भिस्त आहे."

आता बोल, आता बोल, असं त्याचं मन त्याला म्हणत होतं. तो म्हणाला, "तू पळ नीट, मी आहे."

दोन्ही ग्लायडर सुरेख सुटली. एकाच लोटात सापडून गिरक्या घेत, वाऱ्याबरोबर शेजारच्या विकरफील्ड गावाच्या बाजूला सरकत वर चढली. तीन मिनिटं झाली, चार झाली. एक पांढरा ढग आडवा आला, त्याच्या कडेखालून टीझडेलचं ग्लायडर गेलं तेव्हा होरेसने घड्याळावर ओझरती नजर टाकली. चार चाळीस. वर बघितलं आणि ते नव्हतं. एक, दोन, तीन, असं तो मनात मोजायला लागला. आणि आठला सापडलं! पांढरा ठिपका, पंख ताठ, सावकाश गिरकी घेणारा. होरेसने त्याला नजरेने घट्ट धरलं. पाच मिनिटं. सहा. बाजूला प्रॉसर ओरडला, "गेलं! कार्लायन, सहा मिनिटं पाच!" होरेस हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सात मिनिटं झाली. त्याचा ठिपका वळला, जरा खाली आला आणि त्याने पंख फडफडवले.

समुद्रावरचे पांढरे कुरव पक्षी उन्हं तापली की आत येतात आणि त्याच लोटात, पंख न हलवता घिरट्या घालतात. ब्रॅकनममध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

होरेसचा अंगठा दचकून घड्याळावर दाबला गेला.

"किती?" प्रॉसर ओरडला.

"सात मिनिटं बारा," होरेस म्हणाला. घड्याळात होतं ते त्याने वाचलं. घड्याळ काही खोटं बोलत नव्हतं, फक्त कशाची सात मिनिटं बारा, ते सांगत नव्हतं.

पुढे एकच गलका. टीझडेलने होरेसला कमरेला धरून उचललं. कार्लायनने टीझडेलशी हात मिळवला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा बरंच उंच होतं तुझं. सिंगापूरला जाण्यापूर्वी कप आण." शेडमध्ये चहा आला, मनुका घातलेले बन आले. होरेसने आपला बन बशीत तसाच ठेवला. टीझडेलचं ग्लायडर तर कुणी आणलंच नव्हतं. विकरफील्डच्या शेतांत दोघं सायकली घेऊन फिरून आले, हाती काही लागलं नाही.

घरी त्याच्या बायकोने, मेव्हिसने, रुबार्बच्या देठांचा त्याच्या आवडीचा गोड पदार्थ केला होता. होरेसने ताटली बाजूला सारली.

"तू गोड टाकलंस म्हणजे मी डॉक्टरलाच बोलवते," ती म्हणाली.

"मेव्हिस, एक विचारू? माणसाला वाटतंय की आपण विमान बघतोय आणि शेवटी तो पक्षी निघाला, तर तो कधीपासून पक्षी होता?"

"डोळे गेल्यापासून," मेव्हिस म्हणाली. तिने चमचा खाली ठेवला. "नाताळात तू पाद्रीबाबांच्या कुत्र्याला टोपी काढून 'गुड मॉर्निंग, मिसेस बॉल्डरी' म्हणालास. मी तेव्हापासून वाट बघतेय की हा म्हातारा मला कधी सांगतो. जगाच्या पंचायती करतोस, आपल्या घरातलं तेवढं झाकून ठेवतोस!"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो रडला, यात लपवण्यासारखं काही नाही.

"आता काय करणार?" तिने विचारलं.

"वेळ घेणाऱ्याच्या शब्दावर कुणी बोलत नाही. मी गप्प बसलो तर कुणाला कधीच कळणार नाही."

"तुला तर कळलंय ना? आणि तू गप्प बसणार? तू?"

सोमवारी दुपारी संघाची नावं टपालात पडायची होती. त्याआधी होरेस दुकानाला कुलूप लावून शेडमध्ये गेला. प्रॉसर वही घेऊन बसला होता. कार्लायन आणि टीझडेल दोघंही सह्या करायला आले होते.

"प्रॉसर, कालचा आकडा खोड. मी चार चाळीसला विमान हरवलं. पुढचा कुरव होता."

प्रॉसरने उघड्या वहीवर हात ठेवला.

"आकडा वहीत गेलाय," प्रॉसर हळूच म्हणाला. "नियम तुला माहितीय. मी काही ऐकलं नाही."

"नियम मला माहितीय म्हणूनच सांगतोय. बघितलं तेवढंच लिहायचं. चार मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्याची मी शपथ घेतो, पुढची नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. हिवाळ्यापासून."

कार्लायन म्हणाला, "हे काही बरोबर नाही. टीझडेलचं वर होतं, मी स्वतः बघितलं. माझ्या नावावर फुली मारा."

"नको साहेब," टीझडेल म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भीक नको." मग तो होरेसकडे वळला. "तुम्हाला दिसत नव्हतं तर घड्याळ घेतलंत कशाला?"

होरेस खरं तेच बोलला. "घड्याळ परत दिलं असतं तर रविवारी मला इथे कोण विचारणार होतं? न्हावी आहे मी."

"आणि मी? माझी चार वर्षं? ती दिसली का तुम्हाला?"

तो निघून गेला. प्रॉसरने वहीत काट मारली, कार्लायनचं नाव लिहिलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसला. होरेसने घड्याळ टेबलावर ठेवलं.

त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येक डोक्याला होरेसने एकच प्रश्न विचारला. विकरफील्डकडे कोण राहतं? तिकडे कुणाच्या शेतात, छपरावर, झाडात काही पांढरं अडकलंय का? सासूबाईंच्या गुडघ्यांना सुट्टी. पोस्टमनला विचारलं, पाव टाकणाऱ्याला विचारलं, डुकरांसाठी खरकटं नेणाऱ्यालाही सोडलं नाही. विमान परत दिलं म्हणजे पाप फिटेल अशी काही त्याची समजूत नव्हती. त्याला राहवत नव्हतं, एवढंच. ते ग्लायडर ढगाच्या कडेखालून गेलं कुठे? पुढच्या गुरुवारी कँटीनला अंडी पुरवणारा क्लॉड खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ते होय? मिसेस पीचीच्या वाटाण्यावर पडलंय एक. ती म्हणते, देवदूताचा सांगाडा आहे."

होरेसने क्लॉडला अर्ध्या भादरलेल्या डोक्यानिशी तसाच सोडला आणि विमानांचा हँगर गाठला.

टीझडेल इंजिनात डोकं घालून उभा होता. होरेसने सांगितलं तेव्हा त्याने हात पुसले आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं, पण संध्याकाळी पाचला सायकल घेऊन फाटकाशी आला. होरेस मागे बसला. एकट्याने सायकल चालवणं त्याला आता जमत नव्हतं.

मिसेस पीची ही एक लठ्ठ, मोठमोठ्याने बोलणारी विधवा होती. कोंबड्या टोचतील म्हणून तिने ग्लायडर अवजारांच्या खोपटात ठेवलं होतं. एका पंखाचा कागद फाटला होता, बाकी सगळं शाबूत. शेपूट वर उचललेलं, वात जळून गेलेली.

"कुठे होतं नक्की?" होरेसने विचारलं.

"या इथे, वाटाण्याच्या वेलांना लावलेल्या काठ्यांवर. हात लावायच्या आधी देवाचं नाव घेतलं मी!"

टीझडेलने खिशातून नकाशा काढला. त्या दुपारी वारा ताशी दहा मैल, एकसारखा, हे टॉवरच्या नोंदीत त्याने आधीच बघून ठेवलं होतं. मैलाला सहा मिनिटं. त्याने पेन्सिलीने रेघ ओढली, बोटांनी मोजली, पुन्हा मोजली.

"पावणेदोन मैल. साडेदहा मिनिटं."

"म्हणजे तू जिंकला होतास," होरेस म्हणाला.

"हो. तुम्हाला दिसलं असतं तर."

होरेसने मान हलवली. त्याला त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मिसेस पीची चहा टाकते म्हणून आत गेली.

टीझडेल काठ्यांशेजारी उकिडवा बसला. ग्लायडर मांडीवर घेऊन त्याने धडक्या पंखावर, आपल्या नावाखाली पेन्सिलीने लिहिलं आणि पेन्सिल होरेसपुढे धरली. "साडेदहा मिनिटं लिहिलंय. सही करा. वेळ घेणाऱ्याच्या सहीशिवाय उड्डाण धरत नाहीत."

होरेसने पंख नाकाला लागेल इतका जवळ घेतला. अक्षरं वाचली. मग त्याने पेन्सिल परत केली.

"नाही करता येणार, ऑल्विन."

"अहो, वहीत नाही जाणार हे! सिंगापूरला माझ्या भिंतीवर राहील. तिथे कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन. तू म्हणतोस ते खरंच असेल, नकाशाही म्हणतोय. पण मी चार चाळीस बघितली. बाकीची मी बघितली नाहीत. बघायला हवी होती, माझ्यावर भिस्त टाकली होतीस, आणि मी नाही बघितली. आता बघितली म्हणून लिहून दिलं तर तुला दुसऱ्यांदा फसवेन."

टीझडेलने पेन्सिल मुठीत आवळली. तो उठेल, ग्लायडर हिसकावून निघून जाईल, असं होरेसला वाटलं. काठ्यांवरच्या वेलींतून वारा सळसळत होता, आतून कपांचा आवाज येत होता.

टीझडेलने अंगठा ओला केला आणि लिहिलेलं पुसलं. कागदावर करडा डाग पडला. त्याच्या शेजारी त्याने पुन्हा लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "चार मिनिटं चाळीस सेकंद. एवढी तर बघितलीत ना?"

"एवढी बघितली. फार सुंदर उडत होतं रे."

होरेसने पेन्सिल घेतली. तिचं टोक पंखाच्या कडेबाहेर हवेतच जात होतं. टीझडेलने त्याचं मनगट धरलं आणि पेन्सिल कागदावर टेकवून दिली.